त्रेचाळीस ठळक ओळी

माझा पाय मोडला तो पडदा बदलताना. स्टुलावर चढले, पडदा हातात आला आणि पायाखालचं स्टूल गेलं. गुडघ्यापर्यंत प्लास्टर, सहा आठवडे पाय टेकवायचा नाही, आणि माझं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टच्या नावानं शून्य. धाकटा भाऊ आला, "ताई, आता हट्ट पुरे," म्हणाला आणि मला बोचक्यासारखं उचलून आपल्या तळमजल्यावरच्या घरी घेऊन गेला.

घर नीटनेटकं, पण जागा मोजकी. स्वयंपाकघर आणि मागची गॅलरी यांच्यामध्ये एक खोली आहे, तिथे माझी खाट पडली. त्या खोलीत आधीपासून एक जण बसत होतं, ते म्हणजे माझी भावजय. म्हणजे खरं तर आयत्या बिळावर नागोबा मीच. पण पहिले काही दिवस मला उलटंच वाटत होतं, की मी इथे आजारी पडले आहे आणि ही मध्येच काय टकटक करत बसली आहे.

तिला सासरमाहेरचे सगळे मुंगी म्हणतात. अंगानं एवढीशी, बोलणं त्याहून थोडं, आणि कधीही बघा, काहीतरी उचलून कुठेतरी नेत असते. लग्न होऊन आली त्याला बावीस वर्षं झाली. या बावीस वर्षांत ती माझ्याशी बावीस वाक्यं बोलली असेल, त्यातली वीस "हो ताई".

आता मी कोण, तेही सांगायला हवं. मी एकतीस वर्षं एका मोठ्या कचेरीत आवक-जावक सांभाळलं. बाहेरून येणारं प्रत्येक पत्र आधी माझ्या टेबलावर. त्याला क्रमांक, शिक्का, वहीत नोंद, मगच ते आत जायचं. संध्याकाळी टेबलावर एक जरी न उघडलेलं पाकीट राहिलं तरी मला घास उतरत नसे. साहेब बदलले, इमारत बदलली, शेवटी शेवटी कागद जाऊन कॉम्प्युटर आला, पण माझं टेबल संध्याकाळी साफ म्हणजे साफ. 'निकाली' हा माझा सगळ्यांत आवडता शब्द. लग्नाचं प्रकरणसुद्धा मी वेळेवर निकाली काढलं, म्हणजे केलं नाही.

अशा बाईला भाऊ सांगायचा, "ताई, ही व्हर्च्युअल असिस्टंट आहे. छोट्या धंदेवाल्यांचं ऑफिस घरून सांभाळते." मी मनात म्हणायचे, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायच्या. ऑफिस म्हणजे टेबल, खुर्ची, हजेरीपट. घरात गाऊन घालून बसण्याला ऑफिस म्हणत नाहीत.

मुंगी गाऊन घालत नसे, हे कबूल करते. सकाळी नऊला ती इस्त्रीच्या कपड्यांत, केस बांधून, पायात चपला घालून त्या खोलीत यायची. घरातून घरातच, पण चपला घालून. तिचं टेबल म्हणजे शिलाई मशीनचा जुना सांगाडा. वरची मशीन कधीच गेली, तिथे फळी ठोकून कॉम्प्युटर ठेवला होता, पण खालची पाय मारायची पायटी शाबूत होती. फोनवर बोलताना मुंगीचा पाय त्या पायटीवर चालायचा. गिऱ्हाईक शांत असलं की पायटी सावकाश, भांडकुदळ असलं की तुफान. आवाज मात्र सायीसारखा. तिच्या मनात काय चाललंय हे कळायला मी दोन दिवसांत तिच्या पायाकडे बघायला शिकले.

शेजारी खिडकीच्या पडद्याच्या कडेला कपडे वाळत घालायचे पाच चिमटे लावलेले होते. निळा, लाल, गुलाबी, हिरवा आणि एक जुना लाकडी. फोन वाजला की ती आधी एक चिमटा काढून टेबलावरच्या दिव्याच्या मानेला लावायची, मगच फोन उचलायची. मी दोन दिवस कळ काढली, तिसऱ्या दिवशी राहवेना.

"हे काय खूळ?"

"पाच दुकानं आहेत ताई. मी कुठल्या दुकानातून बोलतेय ते समोर दिसायला लागतं. नाहीतर कुलूपवाल्याच्या गिऱ्हाइकाला केकचा आकार विचारीन."

"दुकानातून कुठे बोलतेस? बोलतेस माझ्या खाटेशेजारून!"

ती हसली. "फोन दुकानाचा, मीही दुकानाची. बसायला फक्त इथे."

निळा चिमटा कुलूपवाल्याचा. हा गृहस्थ पूर्वी तोंडात स्क्रू धरून फोन घ्यायचा, त्यामुळे गिऱ्हाइकाला 'हं' आणि 'हूं' यांपलीकडे काही ऐकू येत नसे, आणि अर्धे लोक तिथेच फोन ठेवायचे. आता फोन मुंगी घेते. एकदा एका बाईचा रडत फोन आला, दार ओढलं गेलंय, किल्ली आत. मुंगीनं तीनच प्रश्न विचारले. आत कोणी आहे का? गॅस चालू आहे का? दार लाकडी की लोखंडी? आत दोन वर्षांचं पोर होतं. मुंगीनं एका हातानं कुलूपवाल्याला निरोप धाडला आणि दुसऱ्या फोनवर त्या बाईला सोडलंच नाही. "दाराशी बसा. फटीतून त्याला गाणं म्हणा. कुठलं म्हणता? म्हणा बरं, मीही ऐकते." अठरा मिनिटं ती गाणं ऐकत बसली. खाली पायटी मात्र अशी पळत होती की मला वाटलं सांगाडा आता गॅलरीतून बाहेर पडतो. पलीकडून दार उघडल्याचा आवाज आला, बाई पोराला घेऊन हमसून रडली, आणि मुंगीनं फोन ठेवून निळा चिमटा परत पडद्याला लावला. मग उठून भिजत घातलेल्या डाळीचं पाणी बदलून आली. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, शेळ्या उंटावरूनही नीट हाकता येतात.

लाल चिमटा ढेकूणवाल्याचा. त्याची गिऱ्हाइकं कुजबुजत बोलायची. घरात ढेकूण झाले हे सांगणं म्हणजे जणू खून कबूल करणं. मुंगी म्हणायची, "अहो, चांगल्या चांगल्या घरांत होतात. आमची गाडी पांढरी आहे, वर एक अक्षर लिहिलेलं नाही. माणूस साध्या कपड्यांत येईल. शेजाऱ्यांनी विचारलं तर नळवाला म्हणा." ही बिनअक्षराची गाडी मुंगीचीच कल्पना. आधी त्या गाडीवर हाताएवढा ढेकूण रंगवलेला होता, आणि धंदा का चालत नाही म्हणून तो माणूस कपाळाला हात लावून बसला होता. गुलाबी चिमटा केकवालीचा, हिरवा मोठ्या माणसांना पोहायला शिकवणाऱ्या मास्तरांचा. पन्नाशीचे पुरुष तिला हळूच विचारायचे, तलावात लहान मुलं तर नसतील ना? ती गंभीरपणे सांगायची, "तुमच्या वेळेला कोणी नसेल, मी बघते," आणि खरंच बघायची.

लाकडी चिमटा बूटवाल्या काकांचा. तो सगळ्यांत जुना, म्हणून लाकडी. काका सरसकट बूट करत नाहीत. ज्यांचा एखादा पाय लहान, आखूड किंवा वाकडा, त्यांच्यासाठी करतात. कानांनी कमी ऐकू येतं, हात सदा डिंकात. मुंगीच लोकांना विचारायची, पाय किती बोटं आखूड? टाच टेकते का? "दोन्ही पायांचं माप संध्याकाळी घ्या हं, उभं राहून. सकाळी नको, दिवसभरात पाय सुजतो." कोणाचा कुठला पाय, हे तिला तोंडपाठ होतं. एकदा मी विचारलं, यातल्या एकाला तरी पाहिलं आहेस का? म्हणाली, "नाही. पण रस्त्यात चालताना दिसले तर ओळखीन."

एवढं सगळं बघून माझा पीळ सुटायला हवा होता. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, ते काही उगाच म्हणत नाहीत. मला एक गोष्ट खटकत होती. रोज संध्याकाळी सहाला फोन बंद केल्यावर मुंगी अर्धा तास नुसती कॉम्प्युटरसमोर बसून एकेका ओळीवर टिचकी मारायची. लिहीत काही नसे. विचारलं तर म्हणायची, "उद्याची मांडामांड."

दुसऱ्या आठवड्यात बूटवाल्या काकांच्या मुलीचा फोन आला. मुंगी पोळ्यांच्या पिठात होती, म्हणून फोन मोठ्यानं लावला होता, आणि मी सगळं ऐकलं. मुलगी नुकतीच दुकान बघायला लागली होती. आवाज वाईट नव्हता, घाईचा होता. "मॅडम, स्पष्ट बोलते. आपोआप उत्तरं देणारं यंत्र मिळतं आता. बाबा ऐकत नाहीत, म्हणून हा महिना थांबते. पण या महिन्यात एक जरी तक्रार आली, तर बाबांनाही बोलायला जागा राहणार नाही."

"बरं," मुंगी म्हणाली.

फोन संपल्यावर ती पिठाचे हात तसेच धरून उभी राहिली. मी म्हटलं, "एक दुकान गेलं तर चार आहेत की."

"काका माझे पहिले, ताई. घराबाहेर कोणी मला ओळखत नव्हतं तेव्हा त्यांनी त्यांचा फोन माझ्या हातात दिला. त्यांनी कुलूपवाल्याला सांगितलं, कुलूपवाल्यानं बाकीच्यांना. तक्रार होऊन काकांचं काम गेलं असं कळलं, तर..." हे तिचं माझ्याशी झालेलं सगळ्यांत मोठं बोलणं. मला तिची काळजी वाटली, खोटं कशाला सांगू. हिला आपण काहीतरी मदत करायची, असं मी त्याच दिवशी ठरवलं.

पुढच्या सोमवारी मुंगी दाढ काढायला गेली. दोन तास लागणार होते. जाताना म्हणाली, "ताई, फोन घेऊ नका, निरोप आपोआप नोंदले जातात. कंटाळा आला तर कॉम्प्युटरवर गाणी लावा."

मी चाकाच्या खुर्चीवरून टेबलापाशी गेले, आणि गाणी राहिली बाजूला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर तिची पत्रांची पेटी उघडी होती. वरपासून खालपर्यंत नुसत्या ठळक, काळ्याभोर ओळी. कॉम्प्युटरवर ठळक ओळ म्हणजे न उघडलेलं पत्र, एवढं मला कचेरीत शिकवलेलं होतं. मोजल्या. त्रेचाळीस! महिन्याभरात एक तक्रार आली तर काम जाणार, आणि ही बाई त्रेचाळीस पत्रं न उघडता ठेवून दाढ काढायला गेली? हिचा तो गोड आवाज, ते चिमटे, सगळं वरवरचंच म्हणायचं.

मी पदर खोचला. एकेक पत्र उघडत गेले, वाचत गेले. ओळी बारीक होत गेल्या, आणि मला कचेरीतल्या संध्याकाळसारखं हलकं वाटायला लागलं. अगदी तळाला, सगळ्यांत जुनी, शेवटची ठळक ओळ होती. विषय होता 'तळमजला'. पाठवणारी मी.

दोन वर्षांपूर्वी, निवृत्त झाले त्या दिवशी, कचेरीतला कॉम्प्युटर शेवटचा बंद करण्याआधी मी ते लिहिलं होतं. तिला का लिहिलं? भावाला लिहिलं असतं तर त्यानं चार गावं गोळा केली असती. चारच ओळी होत्या. 'पुढेमागे मला तिसरा मजला झेपणार नाही. एखादी तळमजल्यावरची लहान जागा दिसली तर लक्षात ठेव. घाई नाही. कोणाला बोलू नकोस.' त्यावर तिचं उत्तर आलं असलं तरी मला वाचायला तो कॉम्प्युटरच उरला नव्हता, आणि समोरासमोर विषय काढायला माझा ताठा आड आला. तिनंही कधी काढला नाही. का काढला नाही, ते आता कळलं. तिनं ते उघडलंच नव्हतं! दोन वर्षं!

मी ते पत्रही उघडलं आणि बारीक केलं. मग एका चिठ्ठीवर माझ्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं, '४३ पत्रे – निकाली', खाली तारीख टाकली, सही केली आणि चिठ्ठी कॉम्प्युटरच्या पडद्याच्या चौकटीला चिकटवली.

मुंगी आली ती गाल सुजलेला, तोंडात कापूस. चिठ्ठी वाचली. पडद्याकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होते. म्हटलं, चोराच्या मनात चांदणं. ती कापसातून एवढंच म्हणाली, "छान केलंत ताई," आणि माझ्या चहाचं आधण ठेवायला गेली. मी भिंतीकडे तोंड करून पडले.

पुढचे तीन दिवस ती जुनी पत्रं वरखाली करत बसायची. मध्येच चिठ्ठीकडे बघायची, बोटांवर काहीतरी मोजायची. पायटी हलत नसे. मी मनात म्हणत होते, लागली ना शिस्त!

शुक्रवारी साडेअकराला काकांच्या मुलीचा फोन आला. या वेळी मोठ्यानं लावलेला नव्हता, तरी मला ऐकू येत होता. काकांनी दोन महिने खपून एका मुलीचे बूट केले होते. तिचा एक पाय दोन बोटं आखूड. सोमवारपासून तिची नोकरी सुरू होणार होती, रुग्णालयात परिचारिका, पहिलीच नोकरी, दिवसभर उभं राहायचं. तिनं पंधरा दिवसांपूर्वी कळवलं होतं की आम्ही घर बदलतोय, बूट नव्या पत्त्यावर पाठवा. बूट गेले जुन्या पत्त्यावर.

"तिच्या आईनं बाबांना फोन करून काय काय ऐकवलं, मॅडम. ही तक्रारच झाली ना?"

"हो," मुंगी म्हणाली. "चूक माझी. पत्र माझ्या नजरेतून सुटलं. बूट उद्या संध्याकाळपर्यंत तिच्या पायात असतील. मग तुम्ही काय ते ठरवा."

तिनं फोन ठेवला, आणि माझ्या जिभेला हाड राहिलं नाही. "सुटणारच! पत्रं उघडायचीच नाहीत म्हटल्यावर दुसरं काय होणार? त्रेचाळीस! मी उघडली म्हणून, नाहीतर अजून तशीच पडली असती!"

मुंगीनं लाकडी चिमटा दिव्यावरून काढून जागेवर लावला. मग खुर्ची माझ्याकडे वळवून, जसं त्या रडणाऱ्या बाईशी बोलली होती तशा आवाजात म्हणाली, "ताई, ती सगळी उघडलेली होती. आलेलं पत्र मी त्याच दिवशी वाचते, उत्तरही देते. पण ज्याचं काम अजून व्हायचंय ते पुन्हा ठळक करून ठेवते. तशी खूण करता येते. संध्याकाळी तेच तर करत असते. काम पुरं झालं की मगच बारीक. ती मुलगी नव्या पत्त्याची, तिचे बूट तयार झाले नव्हते म्हणून ती ठळक होती."

"म्हणजे मी..."

"हजारभर पत्रांत ती मिसळून गेली. आठवून आठवून बेचाळीस परत काढली मी. तुम्ही आकडा लिहिला होतात म्हणून कळलं, एक राहिलंय. तेच शोधत होते."

"मग त्याच दिवशी सांगितलं का नाहीस? शिव्या घालायच्या होत्यास मला!"

"तुम्ही मदत करायला गेला होतात. त्यावर काय बोलणार?"

शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. मी शहाणी नाही हे सिद्ध झालंच होतं, पण मार बसला. आणि तिला तर बसून राहायला वेळही नव्हता. तिनं लाकडी चिमटा दिव्याला लावला आणि फोनांची फैर सुरू केली.

बूट जुन्या इमारतीत होते. कोणी घ्यायला नाही म्हणून पोचवणारा माणूस ते जिन्याखालच्या कपाटात ठेवून गेला होता, आणि इमारतीची देखभाल करणारा माणूस त्या कपाटाला कुलूप घालून बहिणीकडे परगावी गेला होता, तो थेट मंगळवारी येणार. किल्ली त्याच्या खिशात. मुंगीनं त्याचा नंबर मिळवला, त्याच्याकडून परवानगी लेखी मागून घेतली. मग निळा चिमटा काढून लाकडीच्या शेजारी लावला आणि कुलूपवाल्याला फोन केला. "दादा, हे काम तुमचं नाही. माझं आहे." पलीकडून बहुधा स्क्रू थुंकल्याचा आवाज आला. तो म्हणाला, "पत्ता सांगा."

शनिवारी सकाळी कुलूप निघालं, नवं लागलं, त्याची किल्ली कोणाकडे ठेवली तेही लिहून घेतलं गेलं. आता बूट शहराच्या दुसऱ्या टोकाला न्यायचे होते. तिसरा चिमटा लागला, लाल. ढेकूणवाल्याचं त्या बाजूला काम होतं. "औषधाच्या डब्यांपासून लांब ठेवा बरं का," एवढंच मुंगी म्हणाली. तो म्हणाला, "माझ्या मांडीवर ठेवतो." एका दिव्याच्या मानेला तीन चिमटे मी पहिल्यांदाच पाहत होते. ज्या माणसांनी एकमेकांना आयुष्यात पाहिलं नव्हतं, ती तिच्या एका शब्दावर एकमेकांची कामं करत होती. मी अभिमानानं फुगले, आणि लगेच लाजले, कारण हे सगळं कोणामुळे उपटलं होतं ते मला माहीत होतं.

दुपारी ती कपडे वाळत घालायला गॅलरीत गेली तेव्हा मी माझा फोन उचलला. एकतीस वर्षांत माझ्याकडून खुलासा मागवण्याची कोणाची हिंमत झाली नव्हती. एखादी चूक झालीच तर शिपायाच्या नावावर जायची, हेही आज सांगून टाकते. बूटवाल्यांचा नंबर भिंतीवरच्या कागदावर होता. मुलीनंच उचलला.

"मी तुमच्या मॅडमची नणंद. पाय मोडून इथे पडले आहे. त्या मुलीचं पत्र त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. मी न विचारता त्यांच्या पेटीत हात घातला आणि त्यांच्या खुणा पुसल्या. ही तक्रार माझ्या नावावर लिहा. हवं तर सही करून पाठवते."

मग ती म्हणाली, "त्यांनी तुमचं नावसुद्धा घेतलं नाही."

"ती घेणार नाही. बावीस वर्षांत तिनं कोणाची चुगली केलेली मी ऐकलेली नाही."

"बघते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पावणेपाचला मुंगीच्या फोनवर एक फोटो आला. पांढऱ्या गाडीच्या मोकळ्या दारात एक मुलगी ताठ उभी. पायांत काळे बूट, डाव्याचा तळ जाड, पण बघणाऱ्याला कळणार नाही असा. शेजारी ढेकूणवाला नवरदेवासारखा छाती काढून उभा. मुंगी तो फोटो बघत राहिली आणि म्हणाली, "बघा ताई, खांदे सरळ आलेत." थोड्या वेळानं काकांच्या मुलीचा फोन आला. या वेळी मुंगीनं तो आपणहून मोठ्यानं लावला.

"मॅडम, त्या मुलीच्या आईचा फोन येऊन गेला. तक्रार मागे घेतेय म्हणाली. बाबा म्हणतायत, यंत्र आणलंस तर मी फोनच उचलणार नाही. तसेही ते उचलत नाहीत." ती हसली. "राहू दे तुमच्याकडेच. फक्त एक अट. तुमच्या नणंदबाईंना त्या पेटीला हात लावू देऊ नका."

मुंगीनं चमकून माझ्याकडे पाहिलं. मी नसलेला चष्मा शोधायला लागले. पायटी सावकाश चालू झाली होती.

सहा आठवडे संपले. प्लास्टर कापलं, काठी हाती आली, पिशवी भरून झाली. भाऊ गाडी आणायला गेला होता. मी खाटेच्या कडेला बसून तिसऱ्या मजल्याच्या बावन्न पायऱ्या मनातल्या मनात चढत होते. कोणाला दाखवलं नाही, पण धीर सुटला होता.

"ताई, एक काम राहिलंय," मुंगी म्हणाली आणि कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला.

पेटीत तेवीस ठळक ओळी होत्या. सगळ्यांत तळाला एक. विषय, 'तळमजला'.

बुटांच्या गडबडीत ते माझ्या डोक्यातून पार गेलं होतं. आता उमगलं. जी बेचाळीस तिनं आठवून काढली, त्यांत हे होतं. "ते तर पहिलं काढलं मी," ती म्हणाली. तिनं एक वही पुढे केली. दोन वर्षांत पाहिलेल्या सतरा जागा, एकेक ओळीत. 'अंधार.' 'दाराशी तीन पायऱ्या.' 'शेजारी कुत्रा, ताईंना चालणार नाही.' 'चांगली, पण न्हाणीघर निसरडं.' काही जागी ती दोनदा जाऊन आली होती. एका शब्दानं बोलली नव्हती, कारण मी लिहिलं होतं, कोणाला बोलू नकोस.

अठरावी जागा मागच्याच गल्लीत होती. दोन खोल्या, उंबरठासुद्धा नाही. पुढच्या महिन्यात रिकामी होणार.

आपलं कोणी नाही असं मी दोन वर्षं धरून चालले होते. त्या तिसऱ्या मजल्यावर एकटीनं संध्याकाळी खिडकी लावताना रोज वाटायचं. आणि ही बाई रोज संध्याकाळी सहानंतर, पाच दुकानांची कामं झाली की, माझी ओळ बघून मग दिवा मालवत होती. मला रडू आलं. मी ते लपवलंही नाही.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. मुंगीनं माझी पिशवी उचलली, परत खाली ठेवली, माऊसवर हात ठेवला आणि गालातल्या गालात हसत म्हणाली, "काय ताई, निकाली काढू?"

"थांब," मी म्हटलं. "आधी जागा बघून येऊ. काम होण्याआधी निकाली काढायची सवय मोडली माझी."